जिनिव्हाचा रस्ता फवारणीच्या वहीतून जातो



पऱ्हाटी कमरेच्या वर गेली. पावसाने उघडीप दिली की तुडतुडे, फुलकिडे, आणि गावात सकाळी सातपासून पंपांचा आवाज. एरवी या पेजवर मी फवारणी कधी, किती, कशाची एवढंच लिहितो. आज विषय फवारणीचाच आहे, पण जरा लांबचा. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाचा. हसू नका, पूर्ण वाचा. कृषी सहायक, केव्हीकेतले शास्त्रज्ञ, विद्यापीठातली मंडळी पण हे पेज वाचतात. त्यांनी तर नक्की वाचा.

अलीकडे ‘शाश्वत विकास’, ‘नागरी समाजाचा सहभाग’, ‘क्षमता बांधणी’ हे शब्द फार ऐकू येतात. मोठ्या हॉटेलात कार्यशाळा होते, पिशवी मिळते, प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो. माझं म्हणणं असं की आंतरराष्ट्रीय धोरणात कास्तकाराचा आवाज पोचवायची क्षमता तिथे तयार होत नाही. ती तयार होते शिवारात, फवारणीच्या वहीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर. तो कागद नसेल तर जिनिव्हात कितीही चांगलं इंग्रजी बोलणारा माणूस पाठवा, त्याच्या हातात काही नसतं.

हे हवेत बोलत नाही. एकेक करून सांगतो.

आधी हे की खुर्ची ठेवलेली आहे. १९९२ साली ब्राझीलमध्ये रिओला पृथ्वी परिषद झाली. सरकारांशिवाय आणखी कोणाला बोलायचा हक्क आहे याचे तिथे नऊ गट ठरले. महिला, तरुण, कामगार, आदिवासी, स्वयंसेवी संस्था वगैरे. त्या नऊ गटांत ‘शेतकरी’ हा एक वेगळा गट आहे. २०१५ साली जी १७ शाश्वत विकास उद्दिष्टं ठरली त्यातही आपला विषय आहे. तिसऱ्या उद्दिष्टात लिहिलंय की घातक रसायनांमुळे होणारे मृत्यू आणि आजार २०३० पर्यंत बऱ्यापैकी कमी करायचे. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने शेतकऱ्यांच्या आणि ग्रामीण भागात काम करणाऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. १२१ देश बाजूने, ८ विरोधात, ५४ तटस्थ. भारताने बाजूने मत दिलं. त्याच्या चौदाव्या कलमात घातक रसायनांपासून सुरक्षित राहण्याचा आपला हक्क लिहिलेला आहे.

म्हणजे कागदावर सगळं आहे. खुर्ची आहे, हक्क आहे. प्रश्न एवढाच की तिथे बसून बोलायचं काय, आणि कशाच्या आधारावर?

आता तो करार समजून घ्या ज्याच्याशी आपला थेट संबंध येतो. रॉटरडॅम करार. १९९८ साली झाला, २००४ पासून लागू. भारत त्यात आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर ‘आधी सांगा, मग पाठवा’. घातक औषधांची एक यादी आहे, तिला परिशिष्ट ३ म्हणतात. यादीत नाव आलं म्हणजे बंदी आली असं नव्हे. हा गैरसमज आपल्यातही आहे आणि शिकलेल्यांतही आहे. यादीत आलेलं औषध दुसऱ्या देशात पाठवायचं असेल तर त्या देशाला धोक्याची माहिती द्यावी लागते. तो देश हो म्हणतो, नाही म्हणतो किंवा अटी घालतो. ठरवायचं त्यानेच.

या करारात सहावं कलम आहे, आणि सगळा मुद्दा त्या कलमात आहे. कोणताही विकसनशील देश असं म्हणू शकतो की आमच्या शेतात, आमचे लोक ज्या पद्धतीने वापरतात त्या पद्धतीने हे औषध वापरलं तर माणसं आजारी पडतात, म्हणून याला यादीत घ्या. प्रयोगशाळेतल्या उंदरांचा अभ्यास नको, कोट्यवधींचं संशोधन नको. लागते ती घटनेची नीट भरलेली नोंद. औषधाचं नाव, घटक, टक्केवारी, कसं मारलं, अंगावर काय होतं, किती वेळाने काय त्रास झाला, काय उपचार झाले, पुढे काय झालं.

हे कोणी करून दाखवलं? आपल्यापेक्षा गरीब देशांनी.

आफ्रिकेत सेनेगल नावाचा देश आहे. भुईमुगाचा देश. तिथे पेरणीच्या बियाण्याला लावायची एक पावडर होती. बेनोमिल, कार्बोफ्युरान आणि थायरम अशी तीन औषधं एकत्र. २००० च्या सुमारास दक्षिणेकडच्या भागात भुईमूग पेरणारे लोक आजारी पडू लागले, काही दगावले. हाताने बियाणं हाताळायचं, उघड्या हाताने पेरायचं, तीच पद्धत. तिथल्या लोकांनी, संस्थांनी आणि सरकारी माणसांनी मिळून घटना शोधल्या आणि लिहून काढल्या. ते लिखाण करारापर्यंत गेलं. आज हे मिश्रण ठरावीक टक्केवारीच्या वर असेल तर त्या जागतिक यादीत आहे. कसलेल्या शेतातून सुरू झालेली गोष्ट सगळ्या देशांसाठी नियम झाली.

दुसरा देश बुर्किना फासो. कापसाचा देश, आपल्या विदर्भासारखाच कोरडवाहू. त्यांनी शेतकऱ्यांमध्ये फिरून पाहणी केली आणि पॅराक्वाट या तणनाशकाच्या २० टक्क्यांच्या मिश्रणाचा प्रस्ताव पाठवला. कराराच्या तज्ज्ञ समितीने शिफारस केली की अटी पूर्ण होतात, यादीत घ्या. पण या करारात नाव घ्यायचं तर सगळ्यांची सहमती लागते. एकाने हात वर केला तरी गाडी अडते. २०१३ पासून बैठकीमागून बैठक झाली, पॅराक्वाट अडलेलंच राहिलं. अडवणाऱ्यांमध्ये आपला देशही होता.

आता इथे कोणी म्हणेल, बरोबरच केलं. मजूर मिळत नाही, निंदणाची मजुरी परवडत नाही, स्वस्तातलं तणनाशक गेलं तर कास्तकार मरेल. मी ही बाजू हसण्यावारी नेत नाही. माझ्याही गावात निंदणाला बाया मिळवायला आदल्या रात्री चार घरी फिरावं लागतं. पण माझा प्रश्न वेगळा आहे. आपल्या देशाने जिनिव्हात जी भूमिका घेतली ती घेताना तुम्हाला कोणी विचारलं? मला तर नाही. वापरणारे आपण, अंगावर घेणारे आपण. तणनाशक हवं म्हणणारा असो की नको म्हणणारा, दोघांपैकी एकालाही विचारलं नाही. औषध कंपन्यांच्या संघटना मात्र अशा बैठकांना निरीक्षक म्हणून हजर असतात. तो त्यांचा हक्कच आहे. त्यांची फाइल तयार असते, आपली नसते. फरक एवढाच आहे आणि एवढाच पुरेसा आहे.

आता आपल्या घरचं. २०१७ चा हंगाम यवतमाळचा माणूस विसरणार नाही. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट, अळीच्या भीतीने दोन-तीन औषधं एकत्र करून फवारणी. फवारा थेट तोंडावर. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यात मजुरीने फवारणी करणारे कितीतरी. त्यांच्याकडे ना औषधाचं बिल, ना डबा. दवाखान्यात विचारलं, काय मारलं? उत्तर काय, तर ‘मालकानं दिलं ते मारलं’. डॉक्टरने काय लिहायचं? ‘अज्ञात विष’.

‘अज्ञात’ हा एक शब्द कागदावर आला की पुढचे सगळे दरवाजे बंद होतात. उपचाराचा दरवाजा सर्वात आधी. ऑर्गनोफॉस्फरस गटाचं औषध असेल तर ॲट्रोपिन देतात. पॅराक्वाटवर उताराच नाही, आणि त्यात ऑक्सिजन देताना सुद्धा डॉक्टरला विचार करावा लागतो. नाव माहीत नसेल तर तो अंधारात तीर मारतो. मग मदतीचा दरवाजा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत जंतुनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरलेली आहे, मृत्यूला २ लाख रुपये. पण कागद लागतो. आणि शेवटी धोरणाचा दरवाजा. ‘अज्ञात विष’ या नावाचं औषध कोणत्याच यादीत घालता येत नाही.

तरी यवतमाळच्या काही लोकांनी हार मानली नाही. विषबाधा झालेल्यांनी आपली संघटना बांधली. देशातल्या आणि युरोपातल्या संस्था सोबत आल्या. २०२० साली ५१ जणांच्या वतीने स्वित्झर्लंडमधल्या सरकारी संपर्क केंद्राकडे एका मोठ्या कंपनीविरुद्ध तक्रार गेली. ओईसीडी या देशांच्या संघटनेने कंपन्यांनी कसं वागावं याचे नियम केलेत, त्याखाली ही तक्रार होती. शिवाय दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी असा तिघांचा दावा बासेल शहरातल्या न्यायालयात गेला. कंपनीने आरोप नाकारले. खरं-खोटं ठरवायचं काम त्या त्या ठिकाणचं, माझं नाही. मला दिसतं ते एवढंच की कापूस पिकवणारी तीन साधी कुटुंबं सातासमुद्रापार जाऊन प्रश्न विचारू शकली. त्यांच्या पाठीशी उभे होते ते कागद. पोलिसांत नोंद झाली होती, दवाखान्यात औषधाचं नाव लिहिलं गेलं होतं. ज्यांचं नाव ‘अज्ञात’ खाली गेलं, त्यांना तेवढंही करता आलं नाही.

आणखी एक उदाहरण आपल्याच देशातलं, ते पूर्ण शेवटापर्यंत गेलेलं आहे. केरळातला कासरगोड जिल्हा. तिथे सरकारी महामंडळाच्या काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने वर्षानुवर्षं एंडोसल्फान फवारलं गेलं. पड्रे गावातले डॉक्टर मोहनकुमार यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे एकाच भागातून फार वेगळे आजार येतात. त्यांनी नोंद ठेवली, लिहिलं. शेतीवर लिहिणारे श्री पड्रे यांनी ते बाहेर नेलं. कृषी खात्यातच काम करणाऱ्या लीलाकुमारी अम्मा कोर्टात गेल्या आणि फवारणी थांबवायला लावली. २०११ च्या एप्रिलमध्ये जिनिव्हात स्टॉकहोम कराराच्या बैठकीत एंडोसल्फान जगभरातून हद्दपार करायचं ठरलं, काही पिकांना मुदतीची सूट देऊन. आपल्या सरकारने आधी बरीच वर्षं विरोध केला होता. त्याच वर्षी १३ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशात बंदी घातली.

बघा, यातला पहिला माणूस कोण? खेड्यातला डॉक्टर. त्याचं हत्यार काय? रुग्णांची वही. नंतर पत्रकार आले, वकील आले, संस्था आल्या, परदेशातले मित्र आले. ते सगळे लागतातच, त्यांना कमी लेखत नाही. पण वही आधी होती.

आता आक्षेप घेतो, कारण कमेंटमध्ये येणारच आहेत.

एक जण म्हणेल, ‘भाऊ, ग्रामसभेत आपलं कोणी ऐकत नाही आणि तुम्ही जिनिव्हाचं सांगता.’ पण दोन्हीकडे तोच कागद चालतो. फवारणीची वही ग्रामसभेत दाखवा, तालुका कृषी अधिकाऱ्याला दाखवा, डॉक्टरला दाखवा. जिनिव्हाला नाही पोचली तरी वाया जात नाही. माणूस वाचवण्याच्या कामी आली तरी तिची किंमत वसूल.

दुसरा म्हणेल, ‘हे राज्य सरकारचं काम, बंदी त्यांनी घालावी.’ कायदा बघा. १९६८ चा कीटकनाशक कायदा, कलम २७. राज्य सरकारला एखाद्या औषधाची विक्री फार तर ६० दिवस थांबवता येते, वाढवून आणखी ३० दिवस. कायमचा निर्णय केंद्राचा. २०१७ ला आपल्या राज्याने काही औषधांची विक्री थांबवली ती त्यामुळेच थोड्या दिवसांपुरती. म्हणजे आपल्याला दिल्लीपर्यंत जावंच लागतं, आणि दिल्लीची भूमिका जिनिव्हात जाते. ही एकच साखळी आहे. तिचं एक टोक आपल्या धुऱ्यावर आहे.

त्याच कायद्यात कलम २६ आहे. विषबाधेच्या प्रत्येक घटनेची खबर अमुक माणसांनी अमुक अधिकाऱ्याला द्यायचीच, असं राज्य सरकार अधिसूचना काढून ठरवू शकतं. कलम १९६८ पासून आहे. ते कडकपणे राबवलं आणि त्यातून निघालेले आकडे तालुकावार उघडे ठेवले, तर निम्मं काम झालं.

तिसरा म्हणेल, ‘आपली भाषा तिथे चालत नाही.’ खरं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा. अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते, तरी त्या सभागृहात मराठी नाही, हिंदीही नाही. शिवाय या बैठका बहुतेक वेळा एप्रिल-मे महिन्यात येतात, जेव्हा आपण वखरणी आणि बियाण्याच्या तजविजीत असतो. म्हणून प्रत्येक कास्तकाराने तिथे जावं असं मी म्हणतच नाही. जाणारा जाईल. पण तो कोणाच्या वतीने बोलतो, काय बोलतो आणि परत येऊन कोणाला हिशेब देतो, हे आपण ठरवलं पाहिजे. वऱ्हाडात बोलणी करायला जाणारा मामा सुद्धा घरच्यांना विचारून जातो आणि येऊन सांगतो. एवढा साधा नियम इथे का नको?

म्हणून ‘क्षमता बांधणी’च्या नावाने पैसा खर्च करणाऱ्या सगळ्यांना, सरकारी असो की संस्था असो, माझी तीन मागणी आहेत.

पहिली, पैसा खाली आणा. एका मोठ्या कार्यशाळेच्या खर्चात कितीतरी गावांत एकेक नोंद ठेवणारा माणूस उभा राहील. आशाताई, कृषिमित्र, बचतगटाची सचिव, कोणीही चालेल. त्याला लेबल वाचायला शिकवा, नोंद भरायला शिकवा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. फुकटात हे काम हंगामात कोणी करत नाही.

दुसरी, मराठीत आणा. कराराचा घटना-नोंदीचा नमुना मराठीत, दोन पानांत, मोठ्या अक्षरात हवा. विद्यापीठातल्या मंडळींनो, हे तुमचं काम आहे. किडीचं ओळखपत्रक तुम्ही इतकं सुंदर काढता, तसंच हे काढा. जिनिव्हात देशाने काय भूमिका घेतली याचं एक पानही दर बैठकीनंतर मराठीत यायला पाहिजे.

तिसरी, नोंद गावाची राहू द्या. संस्था येते, माहिती गोळा करते, अहवाल छापते आणि गावाला तो अहवाल दिसत सुद्धा नाही. असं चालणार नाही. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शेतकरी गटाकडे. आजारी माणसाचं नाव त्याला विचारल्याशिवाय बाहेर जाऊ नये. आणि मजुरांच्या नोंदी मजुरांनी ठेवाव्यात, फक्त मालकाने नव्हे. पंप ज्याच्या पाठीवर, त्याचं म्हणणं वेगळं असू शकतं.

आता या आठवड्यात करायचं काय, ते सांगतो. साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक फवारणीला एवढं लिहा:

१) तारीख, वेळ, पीक, पिकाची उंची, वारा.
२) औषधाचं पूर्ण नाव, घटक आणि टक्केवारी, डब्यावर आहे तशी. बॅच नंबर. त्रिकोणाचा रंग, लाल, पिवळा, निळा की हिरवा.
३) एकत्र केलं असेल तर काय-काय आणि किती.
४) पंप कोणता, किती तास मारलं, किती टाक्या.
५) अंगावर काय होतं. हातमोजे, मास्क, चष्मा. नसेल तर ‘नव्हतं’ असं खरं लिहा. लाज वाटून खोटं लिहिलं तर वहीच खोटी पडते. करारातलं सहावं कलम तर हेच विचारतं, प्रत्यक्षात लोक कसं वापरतात.
६) त्रास झाला का. डोकं दुखणं, मळमळ, डोळ्यांची आग, अंधारी, घाम. किती वेळाने. दवाखान्यात गेले का.

लेबलचा मोबाइलवर फोटो काढा. पक्कं बिल मागा, केंद्रवाला नाराज झाला तरी मागा. मजुराला डबा दाखवा आणि नाव वाचून सांगा. कोणाला त्रास झाला तर डबा किंवा फोटो घेऊनच दवाखान्यात जा, आणि केसपेपरवर औषधाचं नाव लिहिलं का ते निघताना बघा. नसेल लिहिलं तर हात जोडून सांगा, डॉक्टरसाहेब, तेवढं नाव लिहा.

दिवाळीनंतर वेचणीतून सवड मिळाली की गावागावांतल्या वह्या एकत्र ठेवून बसू. आपल्या तालुक्यात कोणत्या औषधाने जास्त त्रास होतो ते आपल्याला कळेल. मग बंदी मागायची, पर्याय मागायचा, सुरक्षित पंप मागायचा की निंदणासाठी रोजगार हमीतून मदत मागायची, हे आपसात भांडून ठरवू. भांडण होईल, होऊ द्या. पण दिल्लीला आणि जिनिव्हाला जे जाईल ते आपलं ठरलेलं जाईल.

ज्यांच्या गावात अशी वही आधीच कोणी ठेवतंय त्यांनी कमेंटमध्ये सांगा, नमुना बघायला आवडेल. आणि उद्या फवारणी असेल तर वाऱ्याच्या दिशेने चाला, उलट नाही.